मुक्या स्पीकरचं वजन

"अण्णा, तुम्हाला फसवलंय. आतलं मॅग्नेट कुणीतरी काढून घेतलंय," असं मी छातीठोकपणे सांगितलं, आणि त्या एका वाक्यापायी पुढचे दोन-तीन महिने मला धड बसता आलं नाही की धड झोपता आलं नाही.

ही गोष्ट सांगलीतली. एकाहत्तरची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी सव्वीस वर्षांचा होतो. बाजारामागच्या बोळात माझं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. दुरुस्तीपेक्षा जास्त काम कर्णे भाड्यानं देण्याचं. लग्न असो, जत्रा असो, कर्णा झाडाला बांधायचा आणि मशीन चालू करायचं. कर्ण्याचा आवाज दोन मैल जातो, पण त्यात खालचा, जाड सूर नसतो. ढोल वाजला तरी पत्र्याचा डबा वाजल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षं तोच आवाज विकून मला वाटायला लागलं होतं की आवाज म्हणजे एवढंच.

अण्णा हळदीचे व्यापारी. जैन घरातले, पन्नाशीचे, हाताच्या रेघांत कायम हळद बसलेली. त्यांना गाण्याचं वेड होतं. मुंबईला एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, तिथून त्यांनी परदेशी बनावटीचे दोन जुने स्पीकर आणले होते. गुडघ्याएवढी लाकडी पेटी, पुढं जाड कापड. त्यातला एक फडफडायला लागला म्हणून त्यांनी तो हातगाडीवर घालून माझ्याकडे पाठवला आणि मागोमाग स्वतः आले.

मी कापड काढलं. आत आवाज काढणाऱ्या कागदी पडद्यांचे दोन कोन होते. वरचा लहान, नेहमीसारखा, मागं मॅग्नेट, वायर, सगळं जागेवर. खालचा मोठा. त्याची कड फाटली होती, ती फडफडत होती. तो मोठा सोडवून मी उलटा केला तर मागं काहीच नाही. मॅग्नेट नाही, कॉइल नाही, वायर नाही. नुसता कागदाचा कोन आणि मध्यभागी चिकटवलेली शिशाची एक जाड चकती.

"आन् ही शिशाची चकती?" अण्णांनी विचारलं.

"मॅग्नेट काढलं, वजन हलकं लागू नये म्हणून ही चिकटवली असणार," मी म्हणालो. माझं मलाच ते पटलं. अण्णांनी मान हलवली. दुकानात मी तज्ज्ञ होतो.

मग मी त्या जागी चांगला नवा स्पीकर बसवला, वायर जोडली, कापड ताणून लावलं आणि पेटी परत पाठवली. जुना फाटका कोन आणि ती चकती भंगारात गेली.

त्याच सुमाराला माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, आणि दाजी माझ्याकडे राहायला आले होते. दाजींचं गाव औंधच्या बाजूला. पंधरा वर्षं तोफखान्यात नोकरी करून ते पेन्शनीत आले होते. आल्या आल्या एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याचं काम मिळालं आणि चार महिन्यांत सुटलंही. साहेबानं मागून हाका मारल्या, यांनी वळून पाहिलं नाही. एकदा नाही, तीन-चारदा. माणूस मस्तीला आलाय, असं त्यांच्याबद्दल ठरलं. मला सांगायला लाज वाटते, पण घरात आम्हीही तेच ठरवलं होतं.

त्यांना एका जागी बसवत नसे. सकाळी उठून कृष्णेच्या घाटावर जायचे, परत यायचे, चहा घ्यायचे, पुन्हा घाटावर. दिवसातून पाच-सहा वेळा. घरात असले तर रेडिओ मोठा करायचे, मग वैतागून बंद करायचे, मग दारात उभे. अक्कानं काही विचारलं की म्हणायचे, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? नीट बोल की."

अक्का आवाज चढवायची. "मी काय भिंतीशी बोलतीया व्हय? किराणा आणायचाय म्हनलं!"

तिचा आवाज मुळात बारीक, चढला की सुरीसारखा व्हायचा. बोळातल्या शेवटच्या घरापर्यंत जायचा. दाजी मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर पडायचे. त्यांची चार वर्षांची मुलगी त्यांना कधी हाक मारायची नाही. काही हवं असलं की सरळ जाऊन धोतराचं टोक ओढायची. पोर लाजाळू आहे असं आम्ही म्हणायचो.

आठवड्यानं अण्णा परत आले. रागावलेले नव्हते. बाकावर बसले, टोपी काढली.

"गड्या, डग्गा गेला की रं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्यात. एकीतनं तबल्याचा डग्गा येतोय, तंबोऱ्याचा खर्ज येतोय. तू केलेल्या पेटीत समदं हाय, पण पोट न्हाई. आवाजाला पोटच न्हाई."

दुसरी पेटीही त्यांनी बरोबर आणली होती. मी तिचं कापड काढलं. आत तेच. वर लहान कोन, खाली मोठा, आणि मोठ्याच्या मागं मॅग्नेट नाही, फक्त शिशाची चकती. चोरानं दोन्ही पेट्यांत नेमकी एकाच मापाची चकती चिकटवली असेल? माझे कान तापले.

काय करावं न सुचून मी लहान कोनावर चार बोटं ठेवली आणि हळूच आत दाबलं. खालचा मोठा कोन आपोआप पुढं आला. बोटं उचलली, तो मागं गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. त्याला कुणी हात लावला नव्हता, वीज दिली नव्हती. बंद पेटीतल्या हवेनं त्याला ढकललं होतं. लहान कोन मेहनत करतो, हवा ती मेहनत पोचवते आणि हा मोठा, जड, मुका कोन संथपणे हलून खालचे सूर बाहेर टाकतो. त्याच्या पोटावरचं शिसं हेच त्याचं काम होतं. मी ते भंगारात दिलं होतं.

"काय झालं रं?" अण्णांनी विचारलं.

"चोरी झाली नव्हती अण्णा. मीच मोडलं."

ते बाकावरून उठले. मग टोपी घालत म्हणाले, "दोन्ही ऱ्हाऊ देत तुझ्याकडं. मला घाई न्हाई. चांगलीला मातुर हात लावू नकोस."

घाई त्यांना नव्हती, मला होती. त्यानंतर मी जेवताना, चालताना, कर्णे बांधताना एकच विचार करत होतो. दोन लग्नांच्या ऑर्डरी मी सोडल्या. एका ठिकाणी गेलो तर मशीनची वायरच घरी विसरलो. अक्का म्हणाली, "एक फिरून फिरून येडा व्हायला लागलाय, दुसरा बसून बसून."

जळक्या कॉइलचा एक बारा इंची स्पीकर होता. त्याचं मॅग्नेट काढून टाकलं, नुसता कोन ठेवला. कड कडक होती, म्हणून मिरजेला वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांकडून मेंढीचं पातळ कातडं आणून त्याची मऊ कड केली. पेटीत हवा कुठून निसटते ते बघायला सांध्यांजवळ उदबत्ती धरायचो. धूर थरथरला की तिथं लांबी भरायची. राहिलं वजन. जुनी चकती भंगारवाल्यानं केव्हाच वितळवली होती. किती वजन, हे कोण सांगणार? चांगल्या पेटीतली चकती उचकटून तोलली असती तर तोही कोन फाटला असता. म्हणजे कानानंच जुळवायचं. आणि माझा कान कर्ण्यांवर वाढलेला.

शिशासाठी मी दाजींना सांगितलं, तेही कागदावर लिहून, कारण बोललेलं ते ऐकतच नाहीत असं माझं मत. घाटावरच्या भोयांच्या जाळ्याला शिशाच्या गुंड्या असतात, त्या आणाल का. दाजींनी कागद वाचला आणि तासाभरात रुमालभर गुंड्या आणल्या. मग परत घाटावर न जाता ते तिथंच दुकानात उभे राहिले. पहिल्यांदाच.

अण्णांनी पेट्यांबरोबर ठेवलेली पखवाजाची रेकॉर्ड मी लावली. आधी चांगली पेटी, मग माझी. दाजी रस्त्याकडे तोंड करून, पाठ माझ्याकडे करून उभे होते. मी पुन्हा दोन्ही आलटून पालटून लावल्या.

"डावी खरी हाय," ते न वळता म्हणाले. "उजवी उगंच ढेकर देतीया."

मी रेकॉर्डवरची सुई उचलली. डावी म्हणजे अण्णांची चांगली पेटी. जो माणूस चार हातांवरून मारलेल्या हाकेला ओ देत नाही, त्यानं पाठमोऱ्यानं ओळखलं होतं.

मी समोर जाऊन विचारलं, "दाजी, तुम्हाला ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? पायाला लागतंय की. तोफ आपली का दुसऱ्याची, आमी पायातनंच ओळखायचो."

त्यानंतरचे तीन दिवस दाजी दुकानात होते. वहाणा काढून फरशीवर उभे राहायचे. मी कोनाच्या मध्यावर मेणानं एकेक गुंडी चिकटवायचो आणि सुई टेकवायचो.

"अजून ढेकर."

आणखी एक गुंडी.

"आता बसला. न्हाई, लय बसला. काढ एक."

मी ऐकत होतो, पण मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. त्यांना कळत होतं. बोळातून ट्रक गेला की ते हात वर करायचे, म्हणजे थांब. तेवढ्या दिवसांत त्यांनी घाटाचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑसिलेटर जोडला. हे मीच बनवलेलं एक यंत्र. मुठीएवढं बटण फिरवलं की सूर अगदी खर्जापासून वर वर शिट्टीपर्यंत जातो. खालचे सूर सलग येतात का, मध्येच कुठं खड्डा पडतो का, ते बघायचं होतं. दाजी समोर बाकावर. मी खालून सुरुवात केली. घुमणारा, भिंतीतून येतोय असा सूर. दाजींनी मान डोलावली. मी बटण वर फिरवत नेलं. खालचं काम झालं होतं, पण हात थांबला नाही. सूर चढत गेला, बारीक झाला, कानात घुसायला लागला.

"बंद का केलास?" दाजींनी विचारलं.

शिट्टी चालू होती. माझे दात शिवशिवत होते. आतून अक्का कानांवर हात ठेवून धावत आली. "बंद कर की मुडद्या! डोस्कं फुटायची पाळी आली!"

दाजी तिच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे. "काय झालं हिला?"

मी बटण खाली आणलं. "आता?"

"आता हाय."

पुन्हा वर नेलं. "गेला," ते म्हणाले. मी तिसऱ्यांदा केलं. सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत आला, लहान मुलाच्या पट्टीत आला, आणि ठराविक त्याच जागी ते म्हणाले, "गेला."

आम्ही दोघं बहीणभाऊ त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि सूर बंद झालाच नव्हता हे त्यांना आमच्या तोंडावरून कळलं. त्यांनी वहाणा घातल्या आणि निघून गेले.

संध्याकाळ व्हायला आली तरी आले नाहीत, म्हणून मी घाटावर गेलो. पायऱ्यांवर बसले होते. मी अगदी समोर, खालच्या पायरीवर बसलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "रिटायर होऊन आलो तवापासनं समदी मला टाळत्यात. माझ्याम्होरंच कुजबुजत्यात. हिचं बी तेच. म्हनलं हिला माझं पेन्शनीत येणं आवडलं न्हाई."

ते माझ्या तोंडाकडे वळले.

"लेक बोलती तवा कसा आवाज येतोय रं तिचा?"

"बारीक आहे," मी म्हणालो. "गोड आहे."

"बारीक म्हंजे कसा? सूर काढून दाखव."

माझा धंदा आवाजाचा. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मी काढला तरी तो सूर त्यांच्यापर्यंत जाणार नाही. मी तोंड मिटलं. आम्ही उठलो तेव्हा दोघांनाही चालायची घाई होती, जणू घरी काही शिजत राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पीठ चाळत होती. मी तिला म्हणालो, "तू मोठ्यानं बोलू नकोस. मोठ्यानं बोलतेस तेव्हा तुझा आवाज वर चढतो, आणि वर त्यांना काहीच नाही. हळू बोल, पण जाड बोल. छातीतून."

"मी काय बाप्या हाय व्हय?"

"करून तर बघ."

तिनं केलं. लेक खदखदून हसली, म्हणून अक्कानं तिला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मग आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून, रेड्यासारखा आवाज काढत, एकच वाक्य घोकत होतो. आता आठवलं तर हसू येतं, तेव्हा आलं नाही. अक्काचे हात पिठानं माखलेले होते.

दुपारी दाजी दुकानात पेटीच्या सांध्यावरची वाळलेली लांबी खरवडत होते, पाठ आमच्याकडे. अक्का उंबऱ्यात आली.

"आवं, जेवायला चला."

काही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात खाली दाबून दाखवला, आणखी खाली. तिनं श्वास घेतला.

"आवं. जेवायला चला."

दाजींचा हात थांबला. ते वळले. "काय केलंयस?"

अक्का आनंदानं आपल्या नेहमीच्या आवाजात भराभर सांगायला लागली, पिठलं आणि काय काय, आणि दाजी म्हणाले, "आँ?"

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मग खालच्या आवाजात, एकेक शब्द टाकत म्हणाली, "पिठलं. भाकरी."

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं. तोफांच्या आवाजानं कानातल्या आतल्या नसा गेल्यात, वरचे सूर परत यायचे नाहीत, असं म्हणाले. कानात घालायचं यंत्र मिळालं. ते मधूनच शिट्टी मारायचं. ती शिट्टी आम्हाला ऐकू यायची, दाजींना नाही. महिनाभरानं त्यांनी ते डबीत ठेवलं. सगळं काही नीट झालं असं नाही. खालच्या आवाजात बोललेलं निम्मं कळायचं, निम्मं ते ओठांवरून जुळवायचे, आणि चुकीचं जुळलं की भांडण व्हायचं. पण आता भांडण कशावरून आहे ते दोघांना माहीत असायचं.

अण्णा आले. मी दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. त्यांनी रेकॉर्ड लावायला सांगितली आणि डोळे मिटले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी बोळात जाऊन उभा राहिलो. आत गेलो तेव्हा ते टोपी घालत होते.

"जुळी न्हाईत," ते म्हणाले. "पण भावंडं वाटत्यात. चालंल."

"वजन दाजींनी ठरवलं," मी म्हणालो. अण्णांनी दाजींकडे वळून दोन्ही हात जोडले. दाजींनी घाईघाईनं उलट नमस्कार केला आणि घाटावर निघून गेले. हातगाडी गेल्यावर दुकान इतकं रिकामं वाटलं की मी लगेच दुसरी पेटी करायला घेतली.

वर्षभरात दाजींना साताऱ्यात एका ओळखीच्या माणसाकडे पिठाच्या गिरणीत काम मिळालं आणि ते बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. मी इकडे कर्णे विकून टाकले आणि पेट्या करू लागलो. मुक्या स्पीकरला परदेशात पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात, हे मला फार नंतर रद्दीतल्या एका मासिकातून कळलं. तोवर माझ्या आठ-नऊ पेट्या झाल्या होत्या. काही चांगल्या, काही ढेकर देणाऱ्या. वजन ठरवायला दाजी नव्हते.

तीनेक वर्षांनी मी साताऱ्याला गेलो. अक्का आता सगळ्यांशीच खालच्या आवाजात बोलत होती, भाजीवालीशीसुद्धा. आळीत बायका तिला जरा वचकून होत्या. लेक शाळेत जात होती, आणि घरात बापाशी बोलताना ती हातवारे करत भरभर काही सांगायची. त्यांचं त्यांनी काहीतरी जमवलेलं होतं, मला त्यातलं सगळं कळलं नाही.

दुपारी मी गिरणीत गेलो. इंजिनाचा धडधडाट, पट्टा सळसळतोय, बायका डबे घेऊन उभ्या. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. सगळे खुणांनीच बोलत होते. दाजी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले. मला बघून हसले आणि बाहेर पायरीवर घेऊन आले.

"दाजी," मी त्यांच्यासमोर बसून, जाड आवाजात म्हणालो, "तुमच्यासाठी एक पेटी करतो. चांगली. वजन तुम्हीच लावायचं."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघत ऐकलं. मग मान हलवली.

"नगं रं. बसून ऐकायचं मला जमत न्हाई. ते तीन दिवस जमलं, तेवढंच."

मी आणखी काही म्हणणार, तोच त्यांनी मागं हात नेऊन गिरणीच्या हादरणाऱ्या भिंतीवर तळवा टेकवला, एक क्षण तसाच ठेवला, आणि उठले. "दाणं संपलं वाटतं," म्हणत आत गेले. मीही त्यांच्या मागं आत डोकावलो. जात्यावरच्या पेटीत खरंच दाणे संपत आले होते. पुढचा डबा रिकामा करताना त्यांनी मला हातानं जा म्हणून सांगितलं, एस.टी.ची वेळ झाली होती. मी कपड्यांवरचं पीठ झटकत स्टँडच्या दिशेनं निघालो.